मास्तरांनी साखर मागितली तेव्हा

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उठू नका. हेडमास्तर, ती खुर्ची राहू द्या तिथंच. मी एकदा बसले की गुडघे मला परत उठू देत नाहीत, तेव्हा उभ्यानंच बोलते.

मंडळी, एवढे सगळे आलात. शाळेची मुलं आलीत, त्यांचे आईबाप आलेत, टेकडीखालच्या चाळीतले आलेत, कारखान्याची दुसरी पाळी बुडवून आलेले दोघेतिघेही मला दिसतायत. दोन वर्ग एक केलेत तरी जागा पुरेना. मास्तर जिवंत असते तर ही गर्दी बघून मागच्या दारानं निसटले असते.

माझ्या तोंडाबद्दल भांडुपात कुणाला शंका नाही. बोलायला मी आजवर कधी अडले नाही. पण आज जीभ जड झालीय. मी दमलेय, मंडळी. रडून दमले असं समजू नका. रडायचं माझं केव्हाच सरलं, नवरा आणि दोन मुलगे पोचवले तेव्हाच. मी दमलेय ती माझी स्तुती ऐकून.

आत्ता हेडमास्तर काय म्हणाले? म्हणाले, या आजींनी पाच वर्षं सामंत मास्तरांच्या तोंडात साखरेचा कण जाऊ दिला नाही, सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलं. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. हेच वाक्य मी चौदा दिवस ऐकतेय. नळावर ऐकते, मासळीबाजारात ऐकते, दळण टाकायला गेले तरी ऐकते. आजवर गप्प राहिले. पण नळावरचं बोलणं वेगळं आणि सभेतलं वेगळं. सभेत बोललेलं लोक खरं धरतात. आणि हे वाक्य खरं धरलं, तर या सतरंजीवर बसलेलं एक माणूस त्यापायी मरेल. म्हणून उभी राहिले. हेडमास्तर, तुमचं वाक्य मी खोडणार आहे. राग धरू नका.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. सामंत मास्तर या शाळेत शास्त्र शिकवायचे. बायको लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेली, दुसरी केली नाही. माझ्या शेजारची खोली त्यांची. जेवण दोन्ही वेळचं माझ्याकडे. मी दुसऱ्या यत्तेत शाळा सोडलेली आणि ते बी.एस्सी., पण भांडायला आम्ही बरोबरीचे. आमटीत मीठ जास्त झालं की म्हणायचे, आजी, आज समुद्र घरी आणलात. मी म्हणायचे, मग पोहायला शिका.

त्यांना मधुमेह होता. आपण साखर म्हणतो ती. रोज सकाळी ते काचेच्या नळीत निळं पाणी घेत, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकत आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी तापवत. तोंडं वाकडी करू नका, तुम्हाला साखर झाली की तुम्हीही कराल. पाणी निळंच राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर साखर थोडी चढली. पिवळं झालं तर जास्त चढली. विटकरी झालं तर त्या दिवशी मास्तरांशी बोलायला जायचं नाही. मग सुई उकळायची. औषधाची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली असायची, ती काढायची आणि मांडीत टोचून घ्यायचं. अर्ध्या तासानं माझ्याकडे न्याहारी. एक वाजता, मधल्या सुटीत, जेवण. पाच वर्षांत हा क्रम एकदाच चुकला. त्याच्याकडे येते.

आधी दुसरं सांगते, कारण दोन्ही एकमेकांत गुंतलंय. मास्तर पुस्तक लिहीत होते. शाळेच्या मुलांसाठी, मराठीत, जिवंत प्राण्यांचं शास्त्र. दोन वर्षं लिहीत होते आणि एका शब्दावर अडले होते. इंग्रजी शब्द आहे, रेग्युलेशन. मला एवढ्या वेळा ऐकवलाय की मी झोपेत म्हणून दाखवीन. त्याला मराठीत काय म्हणायचं? पुस्तकाची जी कमिटी होती ती सांगायची, नियंत्रण लिहा आणि मोकळे व्हा. मास्तर ऐकेनात.

एकदा मी भाकऱ्या थापत होते, तर दारात येऊन उभे राहिले. मला विचारलं, आजी, कंट्रोल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मी म्हटलं, काय आठवायचं, रेशनचं दुकान. उन्हातली रांग. खड्यांचा तांदूळ. आणि आपला नंबर आला की दुकानदाराचं ते ‘साखर संपली’. मास्तर म्हणाले, तेच तर. आपल्याकडे कंट्रोल म्हणजे कमी देणं. मुलं नियंत्रण वाचतील आणि त्यांना वाटेल, शरीरात कुणीतरी तराजू घेऊन बसलाय आणि सगळ्यांना कमी देतोय. तसा आत कुणी बसलेला नाही.

मी म्हटलं, मग आवर लिहा. म्हणाले, आवर मागे ओढतो. लगाम? तोही मागेच ओढतो. मी म्हटलं, बेतात ठेवणं लिहा. त्यावर हसले. म्हणाले, एखाद्याची परिस्थिती बेताची म्हणजे काय हो आजी? गरिबी. बघा, आपल्याकडे कशालाही मापात ठेवायला गेलं की ते कमीच होतं. मला असा शब्द पाहिजे, जो जास्त झालं तर खाली आणतो आणि कमी झालं तर वर उचलतो. दोन्ही. दोन्ही पाहिजे.

हे ‘दोन्ही’ त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. मी ऐकलं. कानानं ऐकलं.

त्या उन्हाळ्यात माझी एक कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. टोपली पत्र्याखाली. मास्तर एक अख्खा रविवार तिच्यापुढे पाट टाकून बसले. मी म्हटलं, तुम्हीही उबवताय काय? दुपारी पत्रा तापला तशी ती उठली, अंडी उघडी टाकून मोरीकडे गेली, पोट ओलं करून आली आणि परत बसली. संध्याकाळी वारा सुटला तर पंख पसरून गच्च बसली. मास्तरांना काय आनंद झाला, जशी काही त्यांचीच पोर परीक्षेत पहिली आली. म्हणाले, हेच ते, आजी. अंडं तापलं की तिच्या पोटाला कळतं, गार झालं की कळतं. तिला कुणी सांगत नाही. जिवंत असणं म्हणजे एवढंच, सारखं कळत राहायचं आणि सारखं दुरुस्त करत राहायचं. मी म्हटलं, मग पुस्तकात खुडूक असं लिहा. छोटा शब्द आहे, शाई वाचेल.

मग तिथंच पाटावर बसून त्यांनी आपल्या आजाराचं सांगितलं. म्हणाले, आपल्या पोटातही अशी एक कोंबडी असते असं समजा. जेवलं की रक्तात साखर चढते. ती रस सोडते, साखर उतरते. पुरेशी उतरली की तिला कळतं आणि ती थांबते. माझी मेली. आता तिच्या जागी मी बसलोय, हातात सुई घेऊन. पण मी पडलो बाहेरचा. मला आतलं कळत नाही, नळीतला रंग बघून अंदाज बांधतो. आणि सुई एकदा टोचली की टोचली. आत गेलेलं औषध विचारत नाही, हा माणूस जेवलाय की उपाशी आहे. ते आपलं साखर उतरवत जातं. त्याला थांब म्हणणारं आत कुणी नाही.

एवढं सगळं सांगितलं, मंडळी. एवढं स्वच्छ सांगितलं. आणि साखर उतरतच गेली तर म्हातारीनं करायचं काय, तेवढं सांगायचं राहिलं. शिकलेली माणसं अशीच. डोंगर दाखवतात, पायरी दाखवायला विसरतात.

उलट मला हुकूम होता, पहिल्या महिन्यापासूनचा. मास्तरांना गोडाची भारी ओढ. नातवाच्या बारशाचे पेढे मी फळीवर ठेवले होते, त्यातले चार त्यांनी गुपचूप खाल्ले. दुसऱ्या दिवशी नळी अशी विटकरी, की कौलांना शोभावी. तेव्हा स्वतःच शरमून म्हणाले, आजी, साखरेचा डबा कुलपात ठेवा. मी मागितली तरी देऊ नका. पाया पडलो तरी देऊ नका. मी हुकूम पाळणारी बाई. डबा पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. घरातल्या पोरांनाही चहात साखर माझ्या हातून, मोजून.

आता तो दिवस. कमिटीची बैठक दादरला होती. सकाळी नळी निळी निघाली. सुई घेतली, न्याहारी घाईत अर्धी टाकली, कागदांची पिशवी काखेत मारली. जाताना म्हणाले, एकपर्यंत येतो, आज शब्दाचा निकाल लावूनच येतो.

एक वाजला. दोन वाजले. तिथं शब्दावर वाद चालला होता आणि मास्तर उठायला तयार नव्हते, हे मला नंतर कळलं. शब्दासाठी जेवण चुकवणाऱ्या माणसाला शहाणा म्हणायचं की काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

तीनच्या सुमाराला गणपत त्यांना हाताला धरून घेऊन आला. गणपत आमच्या चाळीतला, गिरणीत आहे. स्टेशनबाहेर त्याला मास्तर दिसले, घराच्या उलट्या दिशेला चाललेले. सदरा पिळून काढावा असा घाम. हात थरथरतायत. पाय एक इकडे, एक तिकडे. बोलणं जड. गणपत माझ्या कानाशी लागून म्हणाला, आजी, मास्तर घेऊन आलेत वाटतं.

दारूबंदीचे दिवस आहेत. कुणी जाऊन पोलिसाला सांगितलं तर मास्तरांची नोकरी जाईल, शाळेचं नाव जाईल. आम्ही काय केलं? चटकन त्यांना आत घेतलं आणि दार लावलं. शेजारीण डोकावली तिला सांगितलं, ऊन लागलंय. डॉक्टर हाकेच्या अंतरावर राहतो. त्याला हाक मारली नाही. अब्रू राखली आम्ही त्यांची.

मी त्यांच्या तोंडाशी नाक नेलं होतं. वास नव्हता. तरी मी गणपतचं खरं मानलं, कारण पाच वर्षांत पहिल्यांदा मास्तर मला चिडून ‘ए म्हातारे’ म्हणाले. माझं डोकं फिरलं. शुद्धीवरचा माणूस असं बोलेल का, असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, हा मला असं बोलतोच कसा.

मग खाटेवर बसून म्हणाले, “साखर.”

मी म्हटलं, काय?

“आजी, साखर द्या.”

“नाही,” मी म्हटलं. “तुम्हीच सांगितलंय. पाया पडलात तरी नाही.”

तर त्यांनी खरंच माझ्या पायाला हात लावला, मंडळी. खाटेवरून वाकून. दुसरा एक शब्द तोंडातून धड निघत नव्हता, पण तेवढा निघत होता. साखर, साखर. मी किल्ली कमरेला आणखी आत खोचली. सकाळची नळी खिडकीत तशीच होती. तिच्याकडे बघितलं. निळी. मनात म्हटलं, साखर उत्तम आहे, आता मी ती बिघडवू देणार नाही. माझं मलाच कौतुक वाटलं.

नंतर डॉक्टरनं सांगितलं. निळं म्हणजे जास्त नाही, एवढंच. किती कमी, ते निळं कधीच सांगत नाही.

थोड्या वेळानं ते शांत झाले. घोरायला लागले. मला हायसं वाटलं. म्हटलं, झोपू दे, उठला की गरम जेवेल. भात टाकला. कालवण केलं. ताट वाढून उठवायला गेले तर उठेनात. तोंडावर पाणी मारलं तरी उठेनात. तेव्हा मग दार उघडलं आणि तेव्हा डॉक्टर. त्यानं पापणी उचलून बघितली आणि शिरेत पाणी सोडलं. कसलं पाणी, तर साखरेचं. शेवटी साखरच दिली हो. पण तोवर मेंदू उपाशी राहून राहून गेला होता. दोन दिवस हॉस्पिटलात श्वास तेवढा चालला.

तिथल्या बाकावर मी त्या डॉक्टरला विचारलं, मी काय करायला पाहिजे होतं? तरुण आहे. माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, मी रडणार नाही, बोल. तेव्हा म्हणाला, “आजी, चमचाभर साखर. तीन वाजता.”

तर असं मी त्यांच्या तोंडात साखरेचा कण जाऊ दिला नाही.

गणपत, मान खाली घालू नकोस. तुला साखरेतलं काय कळणार? मला पाच वर्षांत कळायला हवं होतं. आणि तुम्ही कुणी आता माझ्या घरी येऊन मला समजवायला बसू नका, तुमचा काय दोष आजी म्हणून. दोष आहे. तो माझ्याजवळ राहू दे. थोडा मास्तरांचाही आहे, आणि माणूस मेला म्हणून मी तो झाकणार नाही. मास्तर, अख्ख्या वर्गाला तुम्ही ‘दोन्ही’ शिकवलंत. ज्या बाईच्या हातात किल्ली होती, तिला एकच शिकवलंत.

त्यांची ती पिशवी माझ्याकडे आहे. माझ्या नातीनं कागद वाचून दाखवले. धड्याच्या डोक्यावर कमिटीनं तांबड्या शाईनं नियंत्रण लिहिलंय. त्याखाली मास्तरांनी पेन्सिलीनं लिहिलंय, परतीच्या गाडीत लिहिलं असणार, अक्षर पार वेडंवाकडं. नियमन लिहिलं, खोडलं. तोल लिहिलं, खोडलं. मग सांभाळ असं लिहिलंय. ते खोडलेलं नाही. शब्द पसंत पडला म्हणून ठेवला, की खोडायला हातात जोर उरला नव्हता, ते आता कुणाला विचारणार? हेडमास्तर, कागद तुम्हाला देते. कमिटीला काय ठेवायचं ते ठेवू दे. मला शास्त्र कळत नाही. पण पोर सांभाळणारी बाई त्याला दटावतेही आणि भरवतेही, एवढं मला चार पोरांवरून ठाऊक आहे. मी मास्तरांना आवरत राहिले. सांभाळलं नाही.

आता ज्याच्यासाठी बोलायला उभी राहिले त्याचं. धोंडू, खांबाआड सरकू नकोस, दिसतोस मला. धोंडू या शाळेचा शिपाई, तुम्ही सगळे ओळखता. दिवाळीनंतर त्यालाही साखर निघाली. मास्तरच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले, सुई टोचायलाही त्यांनीच शिकवलं. परवा नळावर त्याची बायको सरू मला म्हणाली, आजी, मीपण अगदी तुमच्यासारखंच केलंय. साखर, गूळ, सगळं माहेरी पाठवून दिलं. ह्यांनी मागितलं तरी घरात कण सापडायचा नाही. केवढ्या अभिमानानं सांगत होती. माझी घागर भरून वाहत होती तरी मला समजलं नाही. त्याच वेळी सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. माझी जीभ, आणि उचलली नाही.

सरू, बाय माझी, आता ऐक. गूळ परत आण. उद्या नको, आजच कुणाकडून तरी घे. ह्याच्या खिशात खडा असलाच पाहिजे, झोपताना उशाशी असलाच पाहिजे. घाम फुटला, हात कापायला लागले, वेड्यासारखं बोलायला लागला, तुला शिव्या द्यायला लागला, की प्यायलास काय असं विचारायचं नाही. शुद्धीत आहे तोवर तोंडात साखर घालायची. मग डॉक्टरला हाक मारायची. भांडायचं ते त्यानंतर. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही कोंबायचं नाही, डॉक्टरकडे पळत सुटायचं, लोक काय म्हणतील ते म्हणोत. आणि चुकून जास्त साखर गेली तर जाऊ दे. एका दिवसाच्या विटकरी पाण्यानं माणूस मरत नाही. निळ्या पाण्यानं मेलेला मी बघितलाय.

एवढंच होतं माझं. मी फार दमलेय. आता आपण मास्तरांसाठी उभे राहू आणि दोन मिनिटं गप्प राहू.

थांबा. धोंडू, संध्याकाळची सुई घेतलीस? किती वाजता? सहाला. आता साडेसात होत आले. जेवलास?

बघा, मान हलवतोय. नाही म्हणे. का नाही रे? सतरंज्या घालायच्या होत्या. आणि मास्तरांच्या सभेतून मध्येच उठणं बरं दिसत नाही. हात पुढे कर बघू. सरळ धर. सरू, बघ गो, बघ त्याची बोटं.

हेडमास्तर, तुमच्यापुढे तो चहा आलाय, त्यात साखर आहे ना? आणा इकडे. अहो, कप तुमचाच द्या, दुसरा करायला वेळ नाही. धर, धोंडू. लाजतोस काय मेल्या, धर. बशीत ओत म्हणजे निवेल. सगळा संपव, मग सरू तुला घरी नेऊन जेवायला घालील.

बाकीचे उभे राहा. धोंडू, तू बसूनच पी. फुरक्याचा आवाज झाला तर होऊ दे.